ल्यांगचा अंगरखा कुणी घालायचा? हाँगकाँगमधल्या एका चित्रपटाचं प्रकरण

तीन वर्षं एकाच खोलीत राहून, एकाच दिव्याखाली पाठांतर करून चिनी लोककथेतल्या ल्यांग शान्बोला आपला सोबती मुलगी आहे याचा पत्ता लागत नाही. शंका येते ती एकदाच, आणि तीही कानांवरून. तुझ्या कानांना भोकं कशी, असं तो विचारतो. ती जराही न गडबडता सांगते, आमच्या गावी देवाची जत्रा भरते, तिथे दरवर्षी क्वानयिन देवीचं सोंग मलाच घ्यावं लागतं. ल्यांग बिचारा ओशाळतो. आता यापुढे क्वानयिनच्या मूर्तीकडे बघायचीही मला लाज वाटेल, म्हणतो, आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालतो.

हा पुरावा आपल्याकडे तपासाला घेतलाच गेला नसता. इथे मुलग्यांचेही कान टोचतात, आणि भिकबाळी तर पुरुषांचाच दागिना. पण चीनमधल्या त्या कथेत कानाचं भोक म्हणजे बाईपणाची खूण, आणि ती खूण डोळ्यांसमोर असून ल्यांगचे कान काही कुणी टोचत नाही.

ही गोष्ट पडद्यावर आणायची तर पहिली अडचण याच ठिकाणी येते. ल्यांगला कळलं नाही हे प्रेक्षकाला पटलं पाहिजे. नाही पटलं तर पुढची सगळी शोकांतिका एका मठ्ठ माणसाची गोष्ट होऊन बसते. 1963 साली हाँगकाँगमध्ये ‘द लव्ह इटर्न’ या चित्रपटात ही अडचण एका विशिष्ट तऱ्हेने सोडवली गेली, आणि त्यातून जे घडलं ते सोडवणाऱ्यांच्याही अपेक्षेबाहेरचं होतं. हा लेख त्या एका चित्रपटाविषयी आहे, पण तिथे पोचायला जरा मागून यावं लागेल.

गोष्ट काय आहे

चीनच्या चार मोठ्या लोककथांमध्ये ही एक गणतात. काळ पूर्व जिन घराण्याचा, म्हणजे इसवी सन 317 ते 420 मधला. प्रदेश आजचा चच्यांग प्रांत. चू यिंगताई ही शांगयूच्या श्रीमंत घरची मुलगी. (मराठी कानाला नावात ‘ताई’ ऐकू येते आणि ती मुलाच्या वेषात वावरते तेव्हा उगाच हसू येतं, पण तो योगायोग.) मुलींना शाळा नाही, म्हणून ती बापाची समजूत घालून पुरुषवेषात हांगचौला शिकायला निघते. वाटेत ल्यांग भेटतो, गरीब घरचा, सरळ, पुस्तकी. दोघं एकमेकांना भाऊ मानतात. तीन वर्षांनी घरून बोलावणं येतं आणि ल्यांग तिला पोचवायला अठरा ली चालत जातो. ली म्हणजे आपला साधारण अर्धा किलोमीटर.

ही अठरा लीची वाट म्हणजे कथेचा जीव. वाटेत दिसेल त्या गोष्टीचा आधार घेऊन यिंगताई त्याला सुचवत राहते. तळ्यात चक्रवाकांसारखी जोडीने राहणारी पाखरं दिसतात, विहिरीत वाकून पाहिलं तर दोन चेहरे शेजारी दिसतात, ओढ्यात हंसांची जोडी पोहत असते. ल्यांगच्या डोक्यात काही शिरत नाही. शेवटी ती वैतागून म्हणते, दादा, तुम्ही अगदी ठोंबे हंस आहात. मग शेवटचा उपाय म्हणून सांगते, माझी एक बहीण आहे, हुबेहूब माझ्यासारखी, तिच्यासाठी मागणी घाला. तो येतो, पण उशिरा. तोवर बापाने तिला मा घराण्यात देऊन टाकलेलं असतं. ल्यांग खंगून मरतो. तिची वरात त्याच्या थडग्याजवळून जाते, वादळ उठतं, थडगं दुभंगतं, ती आत उडी घेते आणि दोन फुलपाखरं बाहेर पडतात.

मा घराण्यातला तो नवरा मुलगा, मा वेनत्साय, बहुतेक रूपांमध्ये बिनचेहऱ्याचा राहतो. त्याचं काय चुकलं, असा प्रश्न मला लहानपणी गोष्ट ऐकली असती तर नक्की पडला असता. असो.

बायकांनी केलेले पुरुष

या कथेवर 1926 मध्येच शांघायला मूकपट निघाला होता. काढणारी कंपनी थ्येनयी, म्हणजे शॉ बंधूंची पहिली कंपनी, आणि यिंगताई झाली होती हू त्ये, जी पुढे चिनी पडद्याची सम्राज्ञी म्हणवली गेली. हे लक्षात ठेवायचं कारण पुढे येईल.

मात्र ज्या चित्रपटाने पुढच्या सगळ्यांची वाट आखली तो 1954 चा, शांघाय फिल्म स्टुडिओचा. सांग हू आणि ह्वांग शा यांनी दिग्दर्शित केलेला हा युएजू संगीतनाटकाचा चित्रपट. चीनच्या नव्या कम्युनिस्ट प्रजासत्ताकातल्या पहिल्यावहिल्या रंगीत चित्रपटाचा मान त्याला देतात. युएजू हा प्रकार चच्यांगच्या खेड्यांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला. सुरुवातीला पुरुष करायचे, पण शांघायमध्ये तो बहरला तो बायकांच्या संचांमुळे. राजा बाई, विद्यार्थी बाई, म्हातारा बाप बाई. त्यातल्या तरुण नायकाच्या भूमिकेला श्याओशंग म्हणतात, आणि युएजूचा श्याओशंग म्हणजे बाईच, हे प्रेक्षकाला इतकं अंगवळणी पडलं की पुरुष आला तरच त्याला खटकेल. 1954 च्या चित्रपटात यिंगताई होती युआन श्युएफेन आणि ल्यांग झाली होती फान रुइच्युआन. दोघी स्त्रिया.

त्याच वर्षी चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय जिनिव्हा परिषदेला गेले तेव्हा हा चित्रपट बरोबर घेऊन गेले. त्यांच्या शिष्टमंडळातले श्योंग श्यांगहुई यांनी नंतर लिहिलेली आठवण प्रसिद्ध आहे. परदेशी पत्रकारांना दाखवायचा म्हणून मंडळींनी कथा आणि पदं समजावणारी लांबलचक पुस्तिका तयार केली. चाऊ भडकले. ही तर गायीपुढे वीणा वाजवण्याची तऱ्हा, म्हणाले. (आपण गाढवापुढे गीता वाचतो, ते गायीपुढे वीणा वाजवतात.) निमंत्रणावर एकच ओळ लिहा म्हणून त्यांनी बजावलं: हा रंगीत संगीतपट म्हणजे चीनचा ‘रोमिओ आणि ज्युलिएट’. पाहुणे आले, बसले, आणि त्यांना पटला. बाईच्या तोंडून पुरुषाचं विरहगीत ऐकताना कुणी उठून गेलं अशी नोंद नाही.

हाच चित्रपट हाँगकाँगलाही चालला. पाठोपाठ 1955 मध्ये शांघायहून दुसरा एक संगीतपट आला, ह्वांगमेई पद्धतीचा. ह्वांगमेई हा आनहुइ-हूपेइ भागातला, चहाच्या मळ्यांतल्या गाण्यांतून आलेला, चालीला सोपा आणि गोड प्रकार. एकदा ऐकलं की गुणगुणता येतं. युएजूची बोली चच्यांगबाहेर कळायला जड, पण ह्वांगमेईच्या चाली मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत घातल्या तर हाँगकाँगपासून सिंगापूरपर्यंत सगळ्यांना कळतात. ही गोष्ट शॉ ब्रदर्सच्या ली हानश्यांग या दिग्दर्शकाने हेरली. 1959 मध्ये त्याने या चालींवर एक राजाराणीचा चित्रपट केला आणि तो धो धो चालला. त्यात राजा झाला होता चाओ लेइ, चांगला रांगडा पुरुष नट.

इथे जरा थांबू. ह्वांगमेई रंगभूमीवर पुरुषाचं काम पुरुषच करतात. म्हणजे 1959 मध्ये ली हानश्यांगने चालीबरोबर पात्रवाटपही त्या परंपरेतलंच ठेवलं होतं. 1963 मध्ये त्याने चाल ह्वांगमेईचीच ठेवली, पण नायक युएजूकडून उसना घेतला. ही सरमिसळ म्हणजेच या प्रकरणाचं मर्म.

दोन स्टुडिओ, एक कथा

1960 च्या आसपास हाँगकाँगमध्ये मँडरिन चित्रपटांच्या दोन मोठ्या पेढ्या होत्या. एक शॉ ब्रदर्स, प्रमुख रन रन शॉ, क्लिअरवॉटर बे इथे नुकताच भलामोठा स्टुडिओ बांधलेला. दुसरी सिंगापूरच्या कॅथे समूहाची, मालक लोक वान थो.

या लोक वान थोंचा आपल्याशी संबंध आहे, आणि तो चित्रपटाचा नाही. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं तेव्हा ते निसटून भारतात आले, आणि मुंबईत त्यांची सलीम अलींशी गाठ पडली. पुढे दोघं पक्ष्यांच्या मागे रानावनांतून हिंडले, लोक पक्ष्यांचे उत्तम छायाचित्रकार झाले आणि सलीम अलींच्या कामाला त्यांनी हात सैल सोडून पैसा दिला. सलीम अलींच्या आत्मचरित्रात त्यांच्याविषयी आपुलकीने लिहिलेलं सापडतं. पक्ष्यांच्या घरट्यासमोर तासन्तास बसणारा हा माणूस चित्रपटाच्या धंद्यात मात्र अशा प्रतिस्पर्ध्यासमोर उभा होता ज्याला बसून राहणं माहीत नव्हतं.

कॅथेने ल्यांग-चू, म्हणजे ल्यांग आणि चू यिंगताईची हीच कथा, करायचं ठरवलं. दिग्दर्शक येन चुन, ल्यांगच्या भूमिकेत त्याची बायको आणि त्या काळची बडी तारका ली लिह्वा, यिंगताईच्या भूमिकेत यू मिन. ही बातमी रन रन शॉंच्या कानावर गेली आणि त्यांनी ली हानश्यांगला सांगितलं, आपण आधी काढायचा. एकाच विषयावर दोघांनी चित्रपट काढून दुसऱ्याचा गल्ला मारायचा हा तिथला त्या दिवसांतला नेहमीचा डाव. ली हानश्यांगने बाकीची कामं बाजूला टाकली. घाई एवढी की इतर दिग्दर्शकांनाही हाताशी घ्यावं लागलं. त्यांत किंग हू होता, जो पुढे तलवारबाजीच्या चित्रपटांचा महागुरू झाला.

घाईत संहिता नव्याने कोण लिहीत बसणार? 1954 च्या युएजू चित्रपटातले प्रवेश, पदांचा गाभा, कानाच्या भोकाचा विनोद, अठरा लीची वाट, सगळं जवळजवळ जसंच्या तसं आलं. बदलल्या त्या चाली. संगीत चौ लानफिंग यांचं, चिनी वाद्यांच्या जोडीला पाश्चात्त्य वाद्यवृंद. यिंगताईसाठी लो ती होती, अभिजात सौंदर्याची मूर्ती म्हणून नावाजलेली. तिची गाणी पडद्यामागून त्सिन तिंगने गायली.

उरला ल्यांग.

लिंग पो

शॉ ब्रदर्सच्याच ध्वनिमुद्रणात एक मुलगी गात असे. जन्म 1939 चा, लहानपणीच विकली जाऊन चीनच्या किनाऱ्यावरच्या श्यामेन शहरात दत्तक घरी वाढलेली. हाँगकाँगमध्ये निघणाऱ्या श्यामेन बोलीतल्या स्वस्त चित्रपटांत ती श्याओच्युआन या नावाने लहानपणापासून कामं करत आलेली. ते चित्रपट बंद पडत चालले तशी ती पार्श्वगायनाकडे वळली. 1962 मध्ये शॉंनी ‘लाल महालाचं स्वप्न’ या अभिजात कादंबरीवर चित्रपट काढला तेव्हा त्यातल्या तरुण नायकाचा आवाज तिचा होता. (तो नायकही पडद्यावर एका बाईनेच केला होता.) ली हानश्यांगने तो आवाज ऐकला, गाणारीला पाहिलं आणि ल्यांगचा अंगरखा तिच्या अंगावर चढवला. नवं नाव दिलं: लिंग पो.

कॅथेकडे ल्यांगसाठी नाव होतं, कीर्ती होती. शॉंकडे अनोळखी चेहरा. धंद्याच्या हिशेबात हा जुगार. पण पडद्यावर त्याचा फायदा असा झाला की ली लिह्वाला प्रेक्षकाने वर्षानुवर्षं बायकांच्या भूमिकांत पाहिलेलं होतं. तिला पुरुषवेषात पाहताना आधी ली लिह्वाच दिसणार. लिंग पोला बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिलं ते ल्यांग म्हणूनच. तिच्या चेहऱ्यामागे दुसरा चेहराच नव्हता.

दुसरी गोष्ट आवाजाची. लो ती ओठ हलवते आणि आवाज दुसरीचा येतो, ते आपल्याला हिंदी-मराठी चित्रपटांमुळे सवयीचं. लिंग पो मात्र आपलंच गाणं गाते. चेहरा जवळून दाखवला तरी गळा आणि डोळे एकाच वेळी भरून येतात. शेवटच्या भेटीचा प्रवेश आहे, माडीवरचा, जिथे यिंगताई आपलं लग्न ठरल्याचं सांगते आणि ल्यांग कोसळतो. तो प्रवेश या एका कारणाने चढतो, असं माझं मत.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे प्रकरण निवडलं. ल्यांगला तीन वर्षं कळलं नाही हे पुरुष नटाने केलं की प्रेक्षक त्याला हसतो. कारण पडद्यावर एक पुरुष आणि पुरुषाचे कपडे घातलेली एक उघड बाई दिसत असते. फक्त त्यालाच दिसत नाही. पण इथे दोघीही बायका. प्रेक्षक तिकीट काढताना एक करार करून बसलेला असतो: या दोघींपैकी एकीला मी पुरुष मानणार. एकदा ते मान्य केलं की दुसरीलाही ल्यांगने पुरुष मानलं यात खटकण्यासारखं राहतं काय? तो जी चूक करतो तीच चूक प्रेक्षक स्वखुशीने करतोय. ल्यांगचं आंधळेपण प्रेक्षकाच्या पदरात पडतं, आणि मग हसायला जागा उरत नाही.

ली हानश्यांगने एवढा विचार करून हे केलं असेल असं मी म्हणत नाही. त्याला घाई होती, युएजूची रीत समोर होती, आवाज हाताशी होता. रीतीत मुरलेलं शहाणपण माणसाला फुकट मिळतं, कळो न कळो.

आपल्याकडचा उलटा दाखला

मराठी वाचकाला इथे बालगंधर्व आठवणारच. आपल्याकडे पुरुषांनी बायकांची कामं केली, आणि नारायणराव राजहंसांच्या भामिनीला आणि सिंधूला पाहायला बायका गर्दी करत, त्यांच्या लुगड्यांची नि अंबाड्याची नक्कल करत. मग 1935 मध्ये प्रभातने त्यांना ‘धर्मात्मा’त एकनाथ केलं. पुरुषाचं काम, पुरुषाच्या वेषात. लोकांनी ज्यांना शालूत पाहिलं होतं त्यांना उपरण्यात स्वीकारलं नाही. पुढे पडद्यावर मीराबाई झाले, तर तेही जमलं नाही. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीकडे झुकलेलं, आणि कॅमेरा रंगमंचासारखा वीस हात लांब बसत नाही.

मग लिंग पोला जे जमलं ते नारायणरावांना का जमू नये? वय हे एक कारण झालंच. पण माझ्या मते मोठं कारण असं की पडद्यावर सोंग टिकायचं तर आजूबाजूचं सगळंच सोंगात असावं लागतं. ली हानश्यांगच्या चित्रपटात डोंगर रंगवलेले, फुलं कागदी, पूल स्टुडिओतला, माणसं चालतात ती तालावर, रडतात ती सुरात. अशा जगात बाई पुरुष असणं हे त्या कागदी फुलांइतकंच खरं. प्रभातचा कॅमेरा दुसऱ्या वाटेने निघाला होता, खऱ्या माणसांच्या, खऱ्या घरांच्या. त्या उजेडात सोंग उघडं पडणारच. शिवाय ल्यांग हा मिशीवर ताव देणारा गडी नव्हे. चिनी परंपरेतला तरुण विद्यार्थी हा मुळातच नाजूक, हळवा, पटकन आजारी पडणारा. त्या साच्यात बाई सहज बसते. तिला पुरुषासारखं चालावंही लागत नाही, विद्यार्थ्यासारखं चाललं की पुरे.

तैपेई

एप्रिल 1963 मध्ये चित्रपट लागला. हाँगकाँगमध्ये उत्तम चालला. तैवानमध्ये जे झालं त्याला ‘चालला’ म्हणता येत नाही.

तैपेईची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या आसपास. एकट्या त्या शहरात सात लाखांहून अधिक तिकिटं खपली. अर्थात तेवढी वेगळी माणसं नव्हती. तीच माणसं पुन्हा पुन्हा जात होती, पंचवीस वेळा, पन्नास वेळा, आणि शंभर वेळा पाहिल्याचं सांगणारेही होते. त्यांत आया आणि आज्या फार. पदं तोंडपाठ, थिएटरमध्ये सुरात सूर मिसळणारी. ऑक्टोबरच्या अखेरीस लिंग पो तैपेईला आली तेव्हा तिची गाडी निघालेल्या रस्त्यांवर लाखाहून अधिक लोक जमले. हाँगकाँगच्या वार्ताहरांनी तैपेईला ‘वेड्यांचं शहर’ असं नाव दिलं, आणि ते चिकटलं.

कारणं शोधणारे बरेच झाले. एक सरळ आहे: 1949 मध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर त्या मुख्य भूमीवरून आलेली लाखो माणसं तिथे होती, जी परत जाऊ शकत नव्हती. चच्यांगचं तळं, पूल, वसंतातली हिरवी टेकडी, सगळं स्टुडिओतलं असलं तरी त्यांच्यासाठी ते गाव होतं. गंमत अशी की तैवानमध्ये मुख्य भूमीचे चित्रपट बंद होते. चाऊ एन-लाय जिनिव्हाला घेऊन गेलेला चित्रपट कम्युनिस्टांचा वैरी च्यांग कै-शेक याच्या बेटावर दिसणं शक्य नव्हतं. पण त्याच चित्रपटातले प्रवेश, त्यातले शब्द, चाल बदलून हाँगकाँगमार्गे आले आणि त्या बेटाला वेड लावून गेले. सीमेवर चित्रपट अडवता येतो, पदाला कोण अडवणार?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्थानिक तैवानी लोकांचं स्वतःचं संगीतनाटक आहे, गेझायशी, आणि त्यातही तरुण नायक बाईच करते. म्हणजे लिंग पोला स्वीकारण्याची सवय आधीच होती, तीही मुख्य भूमीवरून आलेल्यांपेक्षा वेगळ्या माणसांना. शिवाय ती श्यामेनमध्ये वाढलेली, जिथली बोली तैवानी लोकांच्या घरातल्या बोलीची सख्खी बहीण. ती दोन्हीकडची झाली.

आणि तिसरं: साठ वर्षांची आजी एखाद्या देखण्या तरुण नटाच्या नावाने ओरडत रस्त्यावर धावली असती तर घरात काय झालं असतं याची कल्पना करा. लिंग पोसाठी धावायला हरकत नव्हती. ती बाई होती ना. आणि पुरुषही होती. वेड लागायला एवढी सुरक्षित जागा दुसरी नसेल.

त्याच सुमारास तैवानचे गोल्डन हॉर्स चित्रपट पुरस्कार होते. उत्कृष्ट चित्रपट, उत्कृष्ट दिग्दर्शक, आणि उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून लो ती. मग लिंग पोला कोणत्या रकान्यात टाकायचं? भूमिका नायकाची, करणारी बाई. परीक्षकांनी शेवटी तिच्यासाठी निराळाच पुरस्कार काढला, अभिनयाचा विशेष पुरस्कार, ज्यात नट की नटी हा शब्दच येत नाही. लो तीविषयी मला वाईट वाटतं. मोठं बक्षीस तिला मिळालं आणि गर्दी दुसरीभोवती राहिली. 1968 च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ती गेली.

नंतर

कॅथेचा ल्यांग-चू 1964 मध्ये पूर्ण होऊन आला. वाईट नव्हता, उशिरा होता. कथेतल्या ल्यांगसारखाच तोही मागणी घालायला पोचला तेव्हा वरात निघून गेली होती. दोन्ही पेढ्यांनी यापुढे एकाच विषयावर चित्रपट काढायचे नाहीत असा समझोता केला. त्याआधीच ली हानश्यांग शॉंना सोडून तैवानला गेला होता, स्वतःची कंपनी काढायला, आणि त्याच्या पाठीशी उभे राहिले होते लोक वान थो. पण 20 जून 1964 ला तैवानमधल्या एका विमान अपघातात लोक गेले. आशियाई चित्रपट महोत्सवासाठी ते तिथे आले होते. त्यानंतर कॅथेच्या हाँगकाँगमधल्या धंद्याने पुन्हा उभारी धरली नाही.

पुढच्या रूपांविषयी थोडक्यात. 1994 मध्ये त्सुइ हार्कने खऱ्या पुरुषाला ल्यांग केलं, तैवानचा लाडका गायक निकी वू, आणि यिंगताई झाली चार्ली यंग. त्सुइ हार्क हुशार. तीच अडचण आपल्यासमोर आहे हे त्याने ओळखलं आणि ल्यांगला मठ्ठ न ठेवता घाबरवलं: आपण एका मुलाच्या प्रेमात पडत चाललोय की काय, या विचाराने हा ल्यांग हैराण होतो. अर्धा चित्रपट विनोदी, आणि मग अचानक पायाखालची जमीन सरकते. बाईला पुरुष न करता ही कथा पेलणारा मला माहीत असलेला हाच एक. 2008 मध्ये हाँगकाँगहून तलवारबाजीचा ल्यांग-चू निघाला. त्यात वेषांतराला फारसं कामच उरलं नाही, त्यामुळे त्यावर बोलण्यासारखंही फार नाही. दिग्दर्शक आंग ली लहानपणी तैवानमध्ये 1963 चा चित्रपट पाहून रडला होता आणि मोठेपणी अमेरिकेत पुन्हा पाहतानाही रडतो, असं त्याने सांगितलं आहे. त्याच्या चित्रपटांत माणसं मनातलं बोलायला उशीर करतात. ते कुठून आलं असेल, याचा अंदाज करता येतो.

लिंग पोला शॉंनी नंतर मुलान केलं, म्हणजे पुरुषवेषात लढाईला जाणारी मुलगी. त्याच चित्रपटातला नायक चिन हान पुढे तिचा नवरा झाला. बाईच्या भूमिकाही तिने पुष्कळ केल्या, चांगल्या केल्या. पण तैवानमध्ये तिचं नाव एकच राहिलं: ल्यांगदादा. या शतकाच्या सुरुवातीला, साठी ओलांडल्यावर, ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली, तोच अंगरखा घालून, अठरा ली पोचवायला.